शाखा बदलणे हा आजार नव्हे

गणपती पोहोचवून झाले आणि पाऊस ओसरू लागला, की दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. वय सतरा ते वीस. ताप नाही, खोकला नाही. डोके दुखते, पोटात जळजळते, सकाळी मळमळते, रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. काहींच्या छातीत धडधडते. बोलते ती बहुधा आई. मूल शेजारी मान खाली घालून बसलेले असते. ‘डॉक्टर, याला काहीतरी ताकदीचं लिहून द्या, अभ्यासात लक्षच नाही याचं,’ अशी मागणी असते. कॉलेजचा प्रवेश जून-जुलैत झालेला असतो, पहिली चाचणी होऊन गेलेली असते आणि त्यानंतर हा आजार सुरू होतो. मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा जसा हंगाम असतो, तसा हाही हंगाम आम्हां डॉक्टरांना आता पाठ झाला आहे.

नेरे आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका बाजूला गाढी नदी, भाताची खाचरे, मागे प्रबळगड. आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती. इथली मुले दहावी झाली की सहा आसनीने नाहीतर एसटीने पनवेल गाठतात. अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. त्यामुळे मुलगा कॉलेजला जातो ही गोष्ट एकट्या मुलाची राहत नाही, ती साऱ्या घराची होते. शेजारीपाजारी विचारतात, लग्नकार्यात विचारतात. अशा घरात मुलाने ‘मला ही लाइन नको’ असे म्हणणे म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखे आहे. म्हणून तो म्हणत नाही. मग त्याचे पोट म्हणते.

या सदरात आम्ही नेहमी शरीराच्या तक्रारींबद्दल लिहितो. आजचा विषय त्यातून बाहेरचा वाटेल, पण तो तसा नाही. मनावरचा ताण वाढला की शरीरात ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात, आतड्यांची हालचाल बिघडते, मानेचे व कपाळाचे स्नायू आखडतात, झोप उथळ होते. मुलाचे डोके खरोखर दुखत असते. तो नाटक करतो असे म्हणणारे पालक त्याच्यावर अन्याय करतात, आणि त्याला पुन्हा पुन्हा ॲसिडिटीच्या गोळ्या देणारे आम्ही डॉक्टरही फारसा न्याय करत नाही.

अर्थात पहिले काम शरीर तपासण्याचेच. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली उलट टोकही दिसते. जरा थकवा आला की ‘टेन्शन आहे’ म्हणून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत आढळले. सकाळी चहा-बिस्किटावर घर सोडणाऱ्या आणि दुपारी वडापाववर दिवस काढणाऱ्या मुलीचे मन अभ्यासात लागत नसेल, तर आधी हिमोग्लोबिन पाहावे. थायरॉइड पाहावा. ब-१२ जीवनसत्त्व कमी आहे का, पाहावे. फळा दिसतो का, हे विचारावे. चष्म्याचा नंबर बदलल्याने डोके दुखणारी मुले थोडी नाहीत. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाला दिवसा मळमळले तर त्यात नवल कसले? हे सगळे पाहून झाले, आणि सगळे ठीक निघाले, तर मग मात्र आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मुलाशी एकट्याने बोलावे लागते.

या बोलण्यात बहुधा तीनपैकी एक वाक्य बाहेर पडते, आणि कोणते पडते यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पहिले वाक्य, ‘मला हे जमत नाही.’ हे वाक्य म्हणणाऱ्याला शाखा बदलण्याची घाई करायला लावू नये. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा अकरावी विज्ञानाला जातो आणि एका रात्रीत सगळे इंग्रजीत सुरू होते. त्याला पदार्थविज्ञान कळत नाही असे नसते, त्याला वाक्य कळत नाही. प्रश्न विचारला तर वर्गात हसतील, ही भीती वेगळीच. अशा मुलाला वर्षभराचा धीर, एखादा समजून सांगणारा शिक्षक किंवा वरच्या वर्गातला मित्र आणि वेळेवर झोप एवढ्याने फरक पडतो. जमत नाही म्हणून सोडलेली गोष्ट पुष्कळदा आयुष्यभर सलते.

दुसरे वाक्य, ‘मला हे नको आहे.’ हे म्हणणारा मुलगा वेगळा ओळखता येतो. त्याला विचारा, मग काय हवे? तो जरा थांबतो, आणि मग त्याचे डोळे बदलतात. त्याला काहीतरी हवे असते. कुणाला यंत्रे खोलायची असतात, कुणाला इतिहास वाचायचा असतो, कुणाला शेतावर प्रयोग करायचे असतात, कुणाला नर्सिंगला जायचे असते आणि घरच्यांनी इंजिनियरिंगला घातलेले असते. याचे मार्क कधी कधी चांगलेही असतात. त्यामुळे घरच्यांना त्याचे दुखणे कळत नाही. पहिल्या वर्गात पास होतोय, मग रडतो कशाला?

तिसरे वाक्य मात्र फार जपून ऐकावे. ‘मला काहीच नको आहे.’ शाखा नको, मित्र नकोत, क्रिकेट नको, आवडते जेवण नको. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, झोप व भूक बिघडलेली, स्वतःबद्दल ‘मी कुचकामी आहे’ अशी भाषा. हा शाखेचा प्रश्न नाही. हे नैराश्य आहे, आणि त्यावर मधुमेह-दम्यासारखेच उपचार आहेत. अशा वेळी घाईघाईने कॉलेज बदलून काहीही साधत नाही, कारण तो जिथे जाईल तिथे आजार त्याच्याबरोबर जातो. आधी उपचार, मग कॉलेजचा निर्णय. मनाचे बहुतेक आजार विशी-पंचविशीच्या आत पहिल्यांदा डोके वर काढतात, हे पालकांना माहीत असायला हवे. नेमकी कॉलेजचीच वर्षे ती.

तिन्ही वाक्ये नेहमीच इतकी स्पष्ट वेगळी नसतात हे कबूल. दुसरे वाक्य वर्षभर दाबून ठेवले की त्याचे तिसरे होऊ शकते. म्हणूनच ते वेळेत ऐकायला हवे.

आता दुसऱ्या वाक्याबद्दल सविस्तर बोलू, कारण त्याच्याबद्दल आपल्या समाजात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘धरसोड्या’, ‘पोराचं डोकं फिरलं’, ‘वर्ष वाया गेलं’ हे शब्द आपल्या जिभेवर तयारच असतात. या संदर्भात आपल्याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेल्या एका माणसाची हकिकत सांगण्यासारखी आहे.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव बहुतेकांनी ऐकले असेल. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. शाळेत असताना या मुलाला डोकेदुखीने पछाडले. ती इतकी त्रासदायक होती की शाळा वारंवार बुडू लागली. कोरड्या हवेने फरक पडेल म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. परत येऊन १९१३ मध्ये तो जेमतेम मॅट्रिक झाला. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले. पण गणिताने, विशेषतः लॉगरिथमने, त्याला घायकुतीला आणले आणि पहिल्या वर्षानंतर त्याने कॉलेज सोडले. आजच्या भाषेत ड्रॉप-आउट. तो ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायाला हातभार लावायला गेला. व्यवसायात लक्ष कमी आणि तिथल्या रानातल्या पाखरांत जास्त, असा प्रकार झाला.

१९१७ मध्ये तो मुंबईला परतला. आता तरी काही उपयोगाचे शिकावे म्हणून दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीस यांचा अभ्यासक्रम घेतला. इथपर्यंतची गोष्ट ऐकून आपल्या गावातला कुणीही म्हणेल, हा मुलगा वाया गेला. पण सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर नावाचे एक शिक्षक होते. स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. या मुलाचे मन कुठे आहे हे त्यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्र शिक म्हणून गळ घातली. सालिम अलींनी मग काय करावे? हिशेबाचा अभ्यास फेकून दिला नाही. सकाळी दावरमध्ये जमाखर्च, आणि तिथून उठून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे वर्ग, असे दोन्ही केले. दोन्ही पुरे केले. मला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचा हा भाग वाटतो. बदल हा असा करायचा असतो. एक पाय ठेवून दुसरा उचलायचा.

लगेच सारे सुरळीत झाले असे मात्र नाही, आणि ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीत बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेझेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकून आले, तर १९३० मध्ये परतल्यावर पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली. वय चौतीस, पदरी संसार, हाती काम नाही. त्या वेळी ते पत्नी तेहमिनाबाईंसह येऊन राहिले ते आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. तिथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. तिचे त्यांनी त्या पावसाळ्यात बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मग मादी येऊन ते पाहून जाते, तिला पसंत पडले तर तो ते पुरे करतो, नाहीतर ते तसेच लोंबकळत राहते; आणि एक घरटे वसले की नर दुसरे विणायला घेतो, हा सारा क्रम त्यांनी मांडला. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आपल्या पनवेल तालुक्यातल्या कर्नाळ्याला दुर्बीण घेऊन येणारी शहरी मंडळी त्याच पुस्तकाची पुढची आवृत्ती पिशवीत घेऊन फिरत असतात.

लहानपणची ती डोकेदुखी मनाची होती, असे मी म्हणणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान सदरातून करू नये. पण एवढे खरे, की डोके दुखते म्हणून शाळा बुडवणारा, गणितात गाडी अडलेला, एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेलेला मुलगा आज आपल्या दवाखान्यात आला असता, तर त्याला टॉनिक मिळाले असते. फादर ब्लॅटर मिळाले असते की नाही, हा प्रश्न आहे.

जगात इतरत्र शाखा बदलणे ही नवलाची बाब राहिलेली नाही. अमेरिकेत पदवीला बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी पहिल्या तीन वर्षांत मुख्य विषय बदलतात, असे तिथल्या सरकारी शिक्षण-सांख्यिकी केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. तिथे विषय बदलणे आपल्यापेक्षा सोपे आहे, हेही खरे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने तारुण्यातील या चाचपडण्याला माणसाच्या वाढीचाच एक टप्पा मानले. ‘मी कोण’ हे ठरवण्यासाठी तरुणाला थोडी मोकळीक, थोडी मुदत द्यावी लागते, असे त्याचे म्हणणे. तो स्वतः ऐन तारुण्यात चित्रकार म्हणून युरोपभर भटकत होता आणि विद्यापीठाची पदवी त्यानेही घेतली नव्हती. शरीरशास्त्र त्याला दुजोराच देते. पुढचा विचार करणे, फायदा-तोटा तोलणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. आणि आपण पंधराव्या वर्षी, दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, मुलाला जन्माचा निर्णय करायला लावतो. तोही बहुधा तो करत नाहीच, टक्केवारी करते. नव्वदच्या वर विज्ञान, त्याखाली वाणिज्य, उरलेले कला. याला निवड म्हणायचे का?

आपल्याकडे यात आता विमानतळाची भर पडली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि त्याच्या आधीपासूनच पनवेलच्या रस्त्यांवर विमानसेवेच्या अभ्यासक्रमांचे फलक झळकू लागले. जमीन गेली, निदान नोकरी तरी विमानतळावर मिळो, ही भावना मी समजू शकतो. पण फलक पाहून फी भरण्याआधी त्या संस्थेला मान्यता कुणाची, गेल्या वर्षीच्या मुलांना नोकऱ्या कुठे लागल्या, हे विचारायला संकोच करू नये. विमानतळ जवळ आहे एवढ्यावरून त्या कामाची आवड आपल्या मुलाला आहे, असे ठरत नाही.

पालकांची बाजू

पालकांना दोष देणे सदर लिहिणाऱ्यांना फार सोपे असते. पण बापाने कर्ज काढून पहिल्या वर्षाची फी भरलेली आहे, धाकटी बहीण दहावीला आहे आणि मुलगा म्हणतो मला हे नको, तेव्हा त्या बापाचा रक्तदाब कुणी मोजत नाही. त्याची भीती खोटी नसते. आज विज्ञान नको, उद्या कला नको म्हणेल. मग काय करायचे? श्रीमंताच्या मुलाला तीनदा चुकायची सोय असते, आपल्याला एकदाच. हे म्हणणे मी ऐकलेले आहे आणि त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, की ‘आवड’ हा शब्द उच्चारण्याआधी थोडे कष्ट करा. ज्या शाखेत जायचे त्या शाखेची पुस्तके महिनाभर आणून वाचा. ते काम करणाऱ्या दोन माणसांना भेटा, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा, पगार विचारा. सुट्टीत चार आठवडे त्या कामाजवळ राहून पाहा. एवढे करूनही इच्छा टिकली तर बापापुढे बसून बोला. चाचणीच्या निकालाच्या दिवशी, भांडण झालेल्या रात्री किंवा मैत्रिणीने बोलणे टाकले त्या आठवड्यात असा निर्णय करू नका. आणि तिसऱ्या वर्षाला असाल, पदवी हाताशी आली असेल, तर ती घेऊन मगच वळा. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक झाले, परदेशातही काम करून आले, आणि १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पूर्ण वेळ रंगभूमीकडे वळले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना नाटकाची ओढ होतीच. पण त्यांनी शिक्षण अर्धे टाकले नाही.

पालकांना एवढीच विनंती, की मुलगा बोलायला बसला तर पहिली दहा मिनिटे मध्ये बोलू नये. ‘आमच्या वेळी’ हे शब्द त्या दहा मिनिटांत नकोत. आत्याच्या मुलाचे उदाहरणही नको.

उशीर झाला, वर्ष वाया गेले, ही जी तक्रार असते तिच्यावर मात्र माझे मत ठाम आहे. आपल्या नेऱ्याजवळ शांतिवन आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून तिथे कुष्ठरोगमुक्त माणसांच्या पुनर्वसनाचे काम चालले आहे. त्याच कामाला आयुष्य वाहिलेले विदर्भातले बाबा आमटे यांना तरुणपणी डॉक्टर व्हायचे होते. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी कायदा घेतला आणि वरोऱ्याला वकिली केली. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे ठरल्यावर १९४९ च्या सुमारास, वयाच्या पस्तिशीत, ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला जाऊन बसले. वरोऱ्याजवळचे आनंदवन त्यानंतरचे. पस्तिशीतला वकील पुन्हा वर्गात बसू शकतो, तर एकोणिसाव्या वर्षी एक वर्ष मागे पडले म्हणून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. (बाबांसारखी माणसे विरळा, हे मान्य. पण वर्गात जाऊन बसणे एवढा भाग तरी आपल्यालाही शक्य आहे.)

वाटा कोणत्या आहेत

पूर्वी शाखा बदलायची म्हणजे सगळे पहिल्यापासून सुरू करायचे. आता तसेच राहिलेले नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षानंतर अटी पूर्ण करून प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. २०२१ पासून ‘श्रेयांक बँक’ सुरू झाली आहे. मिळवलेले श्रेयांक तिथे जमा राहतात आणि मुदतीत परत आल्यास नियमाप्रमाणे वापरता येतात. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत २०२४-२५ पासून आली. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांचे नियम वेगळे आहेत. बारावी विज्ञान किंवा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकेनंतर इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी करणे भाग असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. आयटीआय हा शब्द काढला की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी आपल्या घरातला पंखा किंवा पंप बंद पडल्यावर वायरमन मिळवायला किती दिवस लागतात आणि तो काय घेतो, हे आठवून पाहावे.

एक व्यावहारिक सूचना, जी कॉलेजच्या कार्यालयात कुणी आपणहून सांगत नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाने शाखा बदलण्याआधी ती शिष्यवृत्ती पुढे मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. एका पातळीचे शिक्षण झाल्यावर त्याच पातळीचा दुसरा अभ्यासक्रम घेतला, तर काही शिष्यवृत्त्या बंद होतात. प्रवेश रद्द करण्याच्या आणि फी परतीच्या तारखाही पाहाव्यात. पंधरा दिवसांच्या उशिराने हजारो रुपये जातात. दाखला, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांच्या मूळ प्रती हातात आल्याशिवाय जुने कॉलेज सोडू नये.

हे सगळे इतके तपशिलात लिहिण्याचे कारण गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे असतात, ती एकट्या अभ्यासावर ढकलता येत नाहीत. पण ‘आता परत फिरता येणार नाही’ ही समजूत अशा मुलांच्या मनात घर करून बसलेली असते, असा मानसोपचार करणाऱ्यांचा अनुभव आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे मार्गदर्शक निर्देश दिले. आपले मूल ज्या कॉलेजात जाते तिथे असा समुपदेशक आहे का, आठवड्यातून किती वार बसतो आणि त्याच्या खोलीला दार आहे का, हे पालकसभेत उठून विचारावे. दाराचे मुद्दाम लिहिले. कार्यालयाच्या कोपऱ्यात, कारकुनांच्या समोर, कुठलाही मुलगा मनातले बोलणार नाही.

मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला, आवडीच्या वस्तू वाटू लागला, किंवा फार दिवसांच्या उदासीनंतर अचानक शांत-शांत झाला, तर त्याला एकटे सोडू नये आणि उद्यावर ढकलू नये. घरातली शेतीची औषधे कुलपात ठेवावीत. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात येतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने त्याला बोलता येते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येते, आणि पालकांनाही तो फिरवता येतो. प्रत्यक्ष तपासणीसाठी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. केसपेपर इतर आजारांसारखाच निघतो. जाताना आधीच्या गोळ्यांची पाकिटे आणि रक्ततपासणीचे कागद बरोबर न्यावेत, आणि मुलाला आत एकट्याने जाऊ द्यावे.